न बांधलेल्या यानाचे चित्र

प्रश्न : माझी मुलगी चित्रकला शिकते. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचे सॉफ्टवेअर वापरून ती संगणकावर अंतराळयाने साकारते, आणि तीही अशी, की ज्यांचे आराखडे झाले पण जी कधी बांधली गेली नाहीत. सोबतच्या चित्रातले यान अणुभट्टीवर चालणारे आहे. जे यान अस्तित्वातच नाही, त्याचे चित्र खरे वाटते की नाही हे कशावरून ठरवावे?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : चित्र मी बराच वेळ पाहिले. यानाच्या अंगावरची पत्र्याची जोडणी आणि एका बाजूने पडलेल्या उन्हाची काळीकुट्ट, धारदार सावली मुलीने फार मन लावून टिपली आहे. तरीही ते यान उडणार नाही असे पाहताक्षणी वाटले, कारण त्याला रेडिएटर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी पाने, नाहीत.

अंतराळ थंड असते, म्हणून यान आपोआप निवेल, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात थर्मासमध्ये चहा तासन्‌तास गरम राहतो तो भोवतीच्या पोकळीमुळेच, आणि यान तर चहूबाजूंनी पोकळीत असते. तेथे उष्णता बाहेर टाकण्याचा एकच नित्याचा मार्ग उरतो, तो म्हणजे प्रारण, अर्थात उष्णता किरणांच्या रूपाने फेकणे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या छायाचित्रांत घडीच्या पंख्यासारखी उलगडलेली पांढरी पाने दिसतात, ती याचसाठी. स्थानकातली उष्णता अमोनिया त्यांच्यापर्यंत वाहून नेतो. अणुभट्टीच्या यानाला याहून पुष्कळ अधिक उष्णता टाकावी लागते. रेडिएटरचे निरपेक्ष (केल्विनमध्ये मोजलेले) तापमान दुप्पट केले, तर तेवढ्याच पृष्ठभागातून सोळापट ऊर्जा बाहेर पडते, म्हणून अशा यानाचे रेडिएटर तापून मंद लालसर दिसणेही शक्य आहे. शिवाय भट्टी यानाच्या एका टोकाला, माणसे लांब सांगाड्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या ढालीची शंकूसारखी सावली त्या माणसांवर, अशी रचना असते. त्या सावलीच्या बाहेर काही आले तर किरणोत्सर्ग त्यावर आदळून माणसांकडे विखुरतो. म्हणून रेडिएटर भट्टीकडे निमुळते होत त्रिकोणी बनतात. चित्रकाराला यातून एक देखणा आकार आपसूक मिळतो, आणि मला तो पक्ष्यासारख्या गुळगुळीत यानापेक्षा कितीतरी सुंदर वाटतो.

इंधनाच्या टाक्याही तिने फार लहान ठेवल्या आहेत. अमेरिकेने नेव्हाडाच्या वाळवंटात ज्यांच्या चाचण्या घेतल्या आणि १९७३ मध्ये ज्यांचे काम थांबवले, त्या नर्व्हा अणुइंजिनांना द्रवरूप हायड्रोजन लागे, आणि एक घनमीटर द्रवरूप हायड्रोजनचे वजन जेमतेम ७१ किलो भरते. त्यामुळे अशा यानात टाक्याच सर्वांत मोठ्या दिसल्या पाहिजेत. हेच प्रमाण डीडॅलसमध्ये टोकाला गेलेले दिसते. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७३ ते १९७८ या काळात बार्नार्डच्या ताऱ्यासाठी आखलेल्या या मानवरहित यानाचे वजन सुमारे ५४,००० टन ठरले होते, आणि त्यातले ५०,००० टन नुसते इंधन होते.

न बांधलेले प्रत्येक यान अशक्य होते म्हणून राहिले, असेही नाही. मागे अणुस्फोट घडवून जाड पट्टीवर त्यांचा धक्का झेलत पुढे जाणारे ओरायन १९५८ पासून आखले जात होते. वातावरणात आणि अंतराळात अणुस्फोटांना बंदी घालणारा करार १९६३ मध्ये झाला, आणि १९६५ मध्ये ते काम बंद पडले. ओरायनचे चित्र काढायचे, तर पट्टी आणि माणसे यांच्यामधले धक्के शोषणारे भले मोठे दांडे विसरून चालणार नाही.

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये आपल्याच गावात कलाभवन काढले, तेव्हा हस्तकौशल्य आणि यंत्रविद्या एकाच छपराखाली आल्या होत्या. मुलीने त्याच वाटेने जावे. याच यानाचा छेद तिने आधी कागदावर पेन्सिलीने काढावा, भट्टीतून निघालेली उष्णता कोणत्या नळीतून कोणत्या पानापर्यंत जाते ते बाणांनी दाखवावे, आणि मगच ब्लेंडर उघडावे. तो कागद मला जरूर पाठवा.