गोल्डफिश आणण्यापूर्वी पाण्याचा विचार करावा
गोल्डफिशला जपायचे म्हणजे आधी पाण्याला जपायचे, हे आपण मासे घरी आणण्यापूर्वीच लक्षात घ्यावे. त्याच्या कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून पाण्यात मिसळणारा अमोनिया दिसत नाही, पण नितळ भासणाऱ्या पाण्यातही तो माशाचे कल्ले जाळतो. तो पचवणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये स्थिरावण्यास साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीनने हे जिवाणू मरतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे, तेही क्लोरीन काढूनच. काचेचा गोल वाडगा मात्र घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे.