विमानाच्या तिकिटाची तारीख बदलताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बहिणीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिच्याजवळ असावे, म्हणून मी बरेच आधी विमानाचे जाण्यायेण्याचे तिकीट काढले होते. पुढे रुग्णालयाने शस्त्रक्रियाच लांबणीवर टाकली. प्रवासाला तीन आठवडे अवकाश असताना मी कंपनीकडे तारीख बदलून मागितली, तेव्हा बदलाचे शुल्क आणि भाड्यातील फरक मिळून मूळ तिकिटाहून मोठी रक्कम सांगण्यात आली. रुग्णालयाचे पत्र पाठवूनही ‘नियमात बसत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. याच कंपनीने पूर्वी माझ्या विमानाची वेळ परस्पर बदलली होती. हा न्याय आहे का? आणि आता मी काय करावे?

उत्तर : आपला संताप रास्त आहे. मात्र आपल्याला सांगितलेल्या रकमेत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत आणि त्या सुट्या केल्याशिवाय पुढचा मार्ग दिसणार नाही. बदलाचे शुल्क हा दंड आहे. भाड्यातील फरक मात्र नव्या तारखेला स्वस्त जागा उरल्या नसल्यामुळे पडतो. एकाच विमानातल्या शेजारच्या दोन खुर्च्या वेगवेगळ्या भाड्याने विकलेल्या असतात. प्रत्येक भाडेवर्गाला एक अक्षर आणि ठरावीक जागा दिलेल्या असतात, आणि खालच्या वर्गातल्या जागा संपल्या की वरच्या वर्गाचे भाडे लागू होते. म्हणून कंपनीला केवळ ‘तारीख बदलायला किती पडतील’ असे विचारू नका. आपल्याच भाडेवर्गात कोणकोणत्या तारखांना जागा आहे, ते विचारा. एखाददुसरा दिवस मागेपुढे झाल्यास हा फरक कधीकधी पूर्णपणे नाहीसा होतो.

दंडाची गोष्ट निराळी आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९७७ मध्ये ‘सुपर सेव्हर’ नावाची स्वस्त भाडी आणली, तेव्हा तिकीट बरेच आधी काढणे आणि परतण्यापूर्वी ठरावीक दिवस मुक्काम करणे अशा अटी त्यांना जोडल्या होत्या. कामानिमित्त ऐनवेळी निघणारा प्रवासी जास्त पैसे मोजतो. त्याने स्वस्त तिकिटाकडे वळू नये, म्हणून स्वस्त तिकिटाला अटींचे कुंपण घालायचे, हा त्यामागचा विचार होता. तारीख बदलण्यावरचा दंड हा त्याच कुंपणाचा भाग आहे. संगणकावर तारीख बदलायला येणाऱ्या खर्चाशी त्याचा फारसा संबंध नाही. २०२० च्या ऑगस्टअखेरीस अमेरिकेतल्या काही मोठ्या कंपन्यांनी बहुतेक देशांतर्गत तिकिटांवरचे हे शुल्क, जे तोवर २०० डॉलरपर्यंत जात असे, काढूनच टाकले, आणि तरीही त्यांची विमाने उडत राहिली. भाड्यातील फरक मात्र त्यांनी कायम ठेवला आणि सर्वांत स्वस्त तिकिटांना ही सवलत सरसकट दिली नाही, हेही सांगायला हवे.

शेवटच्या दिवशी सोडलेली जागा रिकामी जाण्याची भीती असते, तेव्हा कंपनीने काही रक्कम कापून घेणे मला मान्य आहे. तीन आठवडे आधी सोडलेली जागा मात्र कंपनीला पुन्हा विकता येते, आणि बहुधा अधिक दरानेच. असे असताना अनेक तिकिटांच्या नियमांत ‘उड्डाणापूर्वी’ आणि ‘उड्डाणानंतर’ एवढेच दोन कप्पे असतात, म्हणजे वेळेवर कळवणाऱ्यालाही ऐनवेळी कळवणाऱ्याइतकाच दंड बसतो. माझ्या मते खरा अन्याय येथे आहे.

वेळ कंपनीने बदलली, तर काही ठिकाणी कायदा प्रवाशाच्या बाजूने उभा राहतो. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार कंपनीने उड्डाण रद्द केल्यास प्रवासी पैसे परत किंवा पर्यायी प्रवास यांपैकी एक निवडू शकतो. अमेरिकेत २०२४ पासून देशांतर्गत उड्डाणाची वेळ तीन तास आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणाची सहा तास किंवा त्याहून अधिक सरकली आणि प्रवाशाने तो बदल नाकारला, तर परतावा द्यावा लागतो. म्हणून दंड भरण्यापूर्वी आपल्या तिकिटावरच्या वेळा आजही त्याच आहेत का, हे तपासा. त्या बरेच सरकल्या असतील, तर बोलणी आपल्या बाजूने वळतात.

आता एक गोष्ट मुळीच करू नका. जाण्याचे वेगळे तिकीट नव्याने काढून जुन्या तिकिटाचा केवळ परतीचा भाग वापरण्याचा मोह होईल. पण पहिल्या टप्प्याला आपण हजर राहिला नाहीत, तर बहुतेक कंपन्या पुढचे सर्व टप्पे आपोआप रद्द करतात, आणि हे परतीच्या दिवशी विमानतळाच्या काउंटरवर उभे असताना कळते. तिकीट वापरायचेच नसेल, तर उड्डाणाआधी ते रीतसर रद्द करा आणि विमानतळाचे कर व शुल्क परत मागा. परतावा नसलेल्या तिकिटावरही यांपैकी काही रक्कम अनेकदा मिळते, पण ती मागावी लागते.

रुग्णालयाचे पत्र पुन्हा पाठवा. या वेळी ते तक्रार निवारण विभागाकडे लेखी पाठवा आणि मागणी नेमकी ठेवा : भाड्यातील फरक भरण्यास मी तयार आहे, केवळ बदलाचे शुल्क माफ करावे. अशी मर्यादित मागणी मान्य करण्याचा अधिकार तिथल्या अधिकाऱ्याकडे असू शकतो. फोनवर बोलणाऱ्या कर्मचाऱ्याकडे तो सहसा नसतो.

प्रश्न : तिकिटावर माझ्या आडनावातले एक अक्षर चुकले आहे. नवे तिकीट काढावे लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. प्रवासी तोच ठेवून अक्षर सुधारणे आणि तिकीट दुसऱ्याच्या नावावर करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी बहुतेक कंपन्यांत चालत नाही, पहिली साधारणपणे करून मिळते. मात्र आजच कळवा आणि तिकीट ज्यांच्याकडून घेतले त्यांनाच कळवा, कारण एजंटाकडून घेतलेल्या तिकिटाला हात लावायला कंपनी अनेकदा नकार देते. तिकीट नुकतेच काढले असेल, तर रद्द करून पुन्हा काढणेही सोपे पडू शकते. अमेरिकेत उड्डाणाला सात दिवस किंवा अधिक अवधी असताना कंपनीकडून थेट काढलेले तिकीट २४ तासांच्या आत दंडाविना रद्द करता येते, अथवा त्याऐवजी कंपनीने पैसे न घेता तेच भाडे २४ तास राखून ठेवावे लागते. इतरत्र अशी मुभा आहे का, ते तिकिटाच्या अटींत पाहून घ्या.