शेपटी धुऊ नका, आणि रंगवायला तर मुळीच देऊ नका

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि खरं सांगतो, पोटात गोळा आला. शेजारचे आजोबा फ्लोरिडाला मुलीकडे चाललेत, गॅरेज रिकामं करताना त्यांनी जुन्या स्प्रिंट कारची (मातीच्या ट्रॅकवर पळणारी छोटी रेसगाडी) शेपटी, बुटाच्या खोक्यात भरलेल्या स्लाइड्स आणि रेसच्या प्रोग्रामांचा गठ्ठा तुम्हाला दिला, आणि तुम्ही विचारताय की चिखल-ग्रीस काढायला कोणतं केमिकल चांगलं, इकडे पेनसिल्व्हेनियात मेकॅनिक्सबर्गच्या आसपास स्वस्तात रंगवून कोण देईल म्हणजे बेसमेंटच्या भिंतीवर लावता येईल, आणि शेवटी हसत हसत हेही की "ही म्हातारी मंडळी सारखी 'आमच्या वेळची खरी रेसिंग' का करत असतात?" उत्तरं इतरांनी दिलीच आहेत (त्यातलं व्हिनेगरवालं कृपया विसरा). माझं वेगळं आहे आणि जरा लांबेल.

आधीच सांगतो, मी काही रिस्टोरेशनवाला नाही. मी आयटीवाला, १९९८ ला प्रोजेक्टवर कॅम्प हिलला आलो आणि इथेच राहिलो. पण तुम्ही आत्ता जे करायला निघालात ते मी २००४ मध्ये करून बसलोय.

आमच्याही शेजारचे आजोबा एनोलाच्या रेल्वे यार्डात कामाला होते, रिटायर झालेले. साठच्या दशकात दिवसा यार्डात काम आणि रात्री मित्राच्या कोठारात गाडी जुळवायची, शुक्रवारी ती ट्रेलरवर घालून विल्यम्स ग्रोव्हच्या मातीच्या ट्रॅकवर, शनिवारी लिंकन नाहीतर पोर्ट रॉयलच्या. मला पहिल्यांदा ग्रोव्हला त्यांनीच नेलं. बायकोनं डब्यात दडपे पोहे दिले होते, दुसऱ्या हीटपर्यंत (मुख्य रेसच्या आधीच्या छोट्या रेस) त्यावर चिकणमातीचा बारीक थर. ते म्हणाले, खा, इथे सगळेच खातात. (साइड टीप: पहिल्या वळणाला खाली बसू नका, चौथ्या वळणाजवळ वर बसा, चष्मा घाला, आणि नवीन जॅकेट घरी ठेवा.)

तर २००३ च्या दिवाळीच्या सुमारास त्यांनी मला एक शेपटी दिली. गाडीच्या मागच्या इंधनाच्या टाकीवरचं अ‍ॅल्युमिनियमचं कवच, हातानं ठोकून केलेलं, वर ब्रशनं काढलेला आकडा, डाव्या बाजूला मोठा पोचा, आणि आतल्या घडीत दगडासारखा वाळलेला चिखल. मी भारावून गेलो. आणि भारावलेल्या माणसाला जे सुचतं तेच मला सुचलं, की त्यांच्या पंचाहत्तरीला ही अगदी नव्यासारखी करून त्यांनाच दाखवायची!

मग काय, आधी क्वार्टर टाकून चालणाऱ्या कार वॉशमध्ये नेली आणि प्रेशरनं पंधरा मिनिटं धुतली. चिखल विरघळून जाळीतून गेला तेव्हा मला काय समाधान वाटलं होतं म्हणून सांगू. मग एका बॉडी शॉपमध्ये दिली. नाव सांगत नाही आणि कृपया विचारू नका, दुकान आता नाहीये पण माणसं आहेत. मी म्हटलं "लाइक न्यू" करा. त्यांनी चौकशी शून्य, सरळ सँडब्लास्ट केलं. पातळ अ‍ॅल्युमिनियमवर वाळूचा मारा केला की पत्र्याला लहरी पडतात हे मला माहीत नव्हतं, त्यांना माहीत असायला हवं होतं की नाही? मग लहरी लपवायला पुट्टी, पोच्यात पुट्टी, वर चकचकीत लाल रंग, आणि हाताच्या आकड्याच्या जागी कॉम्प्युटरवर कापलेला व्हिनाइलचा आकडा, त्याला काळी शॅडो वगैरे. चारशे डॉलर! घ्यायला गेलो तेव्हा तिथला पोरगा सहज म्हणाला की लालच्या खाली निळा लागला आणि त्याच्या खाली पांढरा, तुमच्याकडे बऱ्याच रंगांची होती वाटतं. मी "हो का" म्हणून चेक लिहिला. तुमच्या हातून तेवढा "हो का" होऊ नये म्हणून हे सगळं टाइप करतोय.

वाढदिवसाला घरी बोलावलं, चादर ओढली. आजोबा आले, वाकले, आणि डाव्या बाजूला हात फिरवत राहिले. चमक बघत नव्हते, काहीतरी शोधत होते. मग म्हणाले, "पोचा कुठे गेला?"

तो पोचा त्यांच्या ड्रायव्हरच्या शेवटच्या रेसचा होता. गाडी उलटली, केज (ड्रायव्हरभोवतीचा लोखंडी नळ्यांचा पिंजरा) नव्हता, माणूस वाचला पण परत गाडीत बसला नाही. पुढच्या मालकानं गाडी निळी केली पण पोचा ठोकून काढला नाही, त्यानंतरच्यानं लाल केली, त्यानंही नाही काढला. तीन मालकांनी ठेवलेली गोष्ट मी काढली. आणि तो चिखल? त्यातला थोडा रीडिंगचा असेल म्हणाले. रीडिंगच्या फेअरग्राउंडचा ट्रॅक १९७९ ला बंद झाला आणि तिथे मॉल झाला. म्हणजे ती माती परत कुठून आणणार? ते चिडले नाहीत हो. "छान चमकतेय" म्हणाले, केक खाल्ला आणि घरी गेले. चिडले असते तर बरं झालं असतं.

पुढे मी ती जुन्या गाड्यांच्या एका जाणकाराला दाखवली, निदान गाडी कोणती ते तरी कळावं म्हणून. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, रंग काढायच्या आधीचा फोटो आहे का? नाही. थर कुठे जपलेत का? नाही. मग त्यांनी खांदे उडवले. या गाड्यांना कागदपत्रं नसतात. कुठला फ्रेम कुणाला विकला, कुठल्या साली आकडा बदलला, हे सगळं रंगाच्या थरांतून, रिव्हेटच्या जुन्या भोकांतून आणि वेल्डिंगच्या हातावरून ओळखतात. म्हणजे मी चारशे डॉलर देऊन सातबारा धुऊन काढला होता.

असो. आता तुमचा तिसरा प्रश्न, कारण तो पहिल्या दोनशी जोडलेला आहे.

वेगाचं म्हणाल तर आजच्या गाड्या जास्त वेगवान आहेत, हे म्हातारेसुद्धा मान्य करतात. ४१० क्युबिक इंचाचं इंजिन, मिथेनॉलवर नऊशेच्या आसपास हॉर्सपॉवर, आणि ड्रायव्हरसकट वजन साडेसहाशे किलोच्या आत-बाहेर. स्टार्टर तेव्हाही नव्हता आणि आजही नाही, मागून ट्रकनं ढकलूनच सुरू करतात. मग हळहळ कशाची? मला बरीच वर्षं वाटायचं की नुसतं वयाचं आहे, आमच्या साताऱ्याकडेही प्रत्येक म्हाताऱ्याला आपल्याच काळची बैलं भारी वाटतात. पण आमच्या आजोबांच्या स्लाइड्स बघताना कळलं. जुन्या फोटोत माणूस दिसतो. उघडं कॉकपिट, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, अर्धं हेल्मेट, गॉगल, तोंडाला रुमाल, आणि कोपर बाहेर. स्टिअरिंगशी झटापट करणारे हात अगदी शेवटच्या बाकावरून दिसायचे. आज वर पंख (गाडी जमिनीला दाबून धरणारा मोठा पत्रा), बाजूला त्याचे पत्रे, केज, डोक्याभोवती गुंडाळलेली सीट. गाडी दिसते, माणूस दिसत नाही. आजोबांचं पंखाशी कधीच जमलं नाही. १९५८ ला ओहायोत जिम कुशमननं पहिल्यांदा पंख लावला त्यावरसुद्धा ते असे चिडायचे जणू काल लावलाय. बैलांच्या शर्यतीतल्या छकडीवरचा ड्रायव्हर जर पत्र्याच्या डब्यात बसवला तर आमच्याकडचे शौकीन शर्यतीला जातील का? जातील, पण कुरकुरत जातील.

आणि दुसरं म्हणजे ती माणसं आपल्यातली होती. टॉमी हिनरशिट्झ, इथल्याच ओली गावचा शेतकरी, पूर्वेकडच्या स्प्रिंट कारचा सात वेळचा चॅम्पियन, शेती करून रेसला यायचा. जॅन ऑपरमन लांब केस आणि पिसांची टोपी घालून फिरायचा, हिप्पीच, आणि वर बायबल. ग्रोव्हला लोक त्याच्यासाठी वेडे होते. बॉब वायकर्टच्या गाडीवर चक्क त्याच्या जनावरांच्या धंद्याचं नाव असायचं आणि त्याच गाडीनं डग वुल्फगँगनं १९८४ आणि ८५ ला नॉक्सव्हिल नॅशनल्स, म्हणजे स्प्रिंट कारची सगळ्यात मोठी रेस, मारली. १९७८ ला टेड जॉन्सननं वर्ल्ड ऑफ आउटलॉज ही देशभरातल्या रेसची मालिका सुरू केली तेव्हा देशभर फिरणारे धंदेवाईक आले, स्टीव्ह किन्सरनं पुढे वीस टायटल्स घेतली, आणि इथल्या लोकांची एक वेगळीच चूल झाली, बाहेरचे आउटलॉज विरुद्ध आपली पेनसिल्व्हेनिया पॉसी. ती खुन्नस आजही आहे, एकदा आउटलॉज येतील तेव्हा ग्रोव्हला जाऊन बघा, आपल्याकडच्या गावकीची आठवण येईल.

पण (आणि इथे मला शिव्या बसणार आहेत) जे लोक म्हणतात की केजनं खेळाची मर्दानगी घालवली, ते मूर्ख आहेत. स्पष्ट लिहितो. लँगहॉर्न, फिलाडेल्फियाच्या वरच्या बाजूला, एक मैलाचा जवळजवळ पूर्ण गोल मातीचा ट्रॅक, सरळ भाग नाहीच, म्हणजे संपूर्ण रेस वळणातच. १९५५ ला तिथे ड्रायव्हर माइक नाझारुक अपघातात गेला. १९६० च्या जूनमध्ये जिमी ब्रायन गेला, दोनच वर्षांपूर्वी इंडियानापोलिस ५०० जिंकलेला माणूस. त्याच सप्टेंबरात अ‍ॅलनटाउनला जॉनी थॉमसन गेला आणि हिनरशिट्झनं त्याच वर्षी रेसिंग सोडलं. आजोबा ही नावं घेताना आवाज खाली आणायचे. सत्तरच्या सुरुवातीपर्यंत केज बहुतेक ठिकाणी सक्तीचा झाला तेव्हा काही लोक हसले, पण आजोबा म्हणायचे, हसणाऱ्यातल्या एकानंही कधी मित्र गेल्याचं सांगायला त्याच्या बायकोला फोन केला नव्हता. त्यांनी स्वतः सहा-सात गाड्यांना केज वेल्ड करून दिले, फुकट. आणि केज म्हणजे कवचकुंडलं असंही नाही, मिथेनॉलची आग उन्हात दिसतसुद्धा नाही. त्यामुळे तुमचे आजोबा "तेव्हाची मजा" म्हणाले की लगेच होला हो करू नका, जरा थांबा. त्याच्यापुढे काहीतरी येतं. माझ्या अनुभवात तिसऱ्या कॉफीला येतं.

म्हणून मी तर म्हणेन, केमिकल राहू द्या, ते फ्लोरिडाला जायच्या आत दोन संध्याकाळी काढा आणि त्यांना स्लाइड्ससमोर बसवा, फोन रेकॉर्डिंगला लावून. स्लाइडची पुठ्ठ्याची चौकट फेकू नका, कोडॅक्रोम या जुन्या रंगीत स्लाइड फिल्मच्या बऱ्याच चौकटींवर फिल्म धुतल्याचा महिना आणि साल छापलेलं असतं. स्कॅन करणारे कधीकधी नवीन चौकटीत घालून देतात आणि जुन्या कचऱ्यात, तेव्हा आधी ताकीद द्या. प्रोग्राम पुस्तिकेत पेन्सिलीनं खरडलेलं खोडू नका, हीटचे निकाल असतात ते. लिहायचं झालंच तर तुम्हीही पेन्सिलीनंच लिहा. भिंतीवर लावायची तर आहे तशी लावा, कोरड्या मऊ ब्रशनं वरची धूळ तेवढी झटका. खरवडू अजिबात नका, जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते आणि तुमच्याकडे लहान मुलं आहेत असं प्रोफाइलवरून वाटतंय (चुकत असेन तर सोडून द्या). आणि नंतर कधी ठेवायला जागा नसली तर यॉर्क स्प्रिंग्सजवळ ईस्टर्न म्युझियम ऑफ मोटर रेसिंग आहे, तिथे एकदा जाऊनच या, जुन्या गाड्या नुसत्या ठेवत नाहीत, शेजारच्या मातीच्या ट्रॅकवर चालवतातही.

आमचे आजोबा २००९ ला गेले. शेपटी माझ्याच बेसमेंटमध्ये आहे, लाल, चकचकीत, व्हिनाइलचा आकडा एका कोपऱ्यातून सुटत चाललाय. आत, जिथे पत्रा दुमडलाय, तिथे त्या बॉडी शॉपवाल्यांची वाळू पोचली नाही. अंगठ्याएवढा निळा राहिलाय, त्याच्या कडेला पांढरा, आणि चिमूटभर चिखल. साफसफाईला येणाऱ्या बाईंना तिथे हात लावायची बंदी आहे.

तुमच्या शेपटीचा आतल्या घडीचा फोटो टाका आधी. टॉर्च तिरका धरून काढा, म्हणजे थर दिसतात.