कळवळा पोटात येतो, पुळका अंगावर

जालन्याच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, चर्चमधील उपासनेत त्यांनी येशूविषयी ‘कुष्ठरोग्याला पाहून प्रभूला कळवळा आला’ असे म्हटले, तेव्हा एका जाणत्या गृहस्थांनी ‘कळवळा हा आता पुढाऱ्यांचा शब्द झाला आहे, दया आली म्हणा’ असे सुचवले. तर ‘कळवळा’ येथे योग्य आहे काय, आणि तो ‘येतो’ की ‘वाटतो’?

योग्य आहे, आणि याहून योग्य शब्द मराठीत मला माहीत नाही. निवडणूक आली की ‘यांना शेतकऱ्यांचा कळवळा आला’ हा टोमणा ऐकून कान किटतात. पण तेथे म्हणायचे असते ‘पुळका’. पुळका हा संस्कृत ‘पुलक’ म्हणजे अंगावर उभा राहणारा काटा. तो कातडीवर येतो आणि कातडीवरच विरतो. कळवळा त्याच्या फार आत, पोटात असतो.

‘कळवळ’ हा ‘हळहळ’, ‘मळमळ’ यांसारखा नुसता नादानुकारी शब्द आहे, असे सांगणाऱ्यांशी माझे मुळीच पटत नाही. ‘हळहळ’मध्ये ‘हळ’ हेच दोनदा येते, ‘कळवळ’मध्ये तसे होत नाही. माझ्या मते यात ‘कळ’ आणि ‘वळणे’ अशी दोन अंगे आहेत: पोटात कळ येते आणि आतडे पिळवटते. ‘तळमळ’मध्येही तेच दोनदा येत नाही, असे म्हणून मला कोणी अडवील, हे मी जाणून आहे, तरीही आपल्याकडच्या बाया दुसऱ्याचे दुःख पाहून ‘पोटात कालवलं’, ‘आतडं तुटलं’ म्हणतात, तेव्हा त्या याच अर्थाला हात घालतात.

आणि मूळ ग्रीक शब्दही नेमका तेथेच आहे. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, या जागी ‘स्प्लाग्ख्निझोमाय’ हे क्रियापद येते, ते ‘स्प्लाग्ख्ना’ म्हणजे आतडी-काळीज यावरून झालेले आहे. बायबलच्या नव्या करारात ते अवघे 12 वेळा, तेही पहिल्या तीन शुभवर्तमानांतच आढळते. ‘मिशनरी मराठी’ म्हणून बायबलच्या भाषेची टर उडवणाऱ्यांनी हे एक भाषांतर तरी नीट पाहावे. ग्रीक आतड्यासाठी मराठी आतडेच सापडले आहे.

बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या 13 व्या अध्यायाप्रमाणे कुष्ठरोग्याने फाटकी वस्त्रे घालून ‘अशुद्ध, अशुद्ध’ असे ओरडत छावणीबाहेर राहायचे होते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला रोगी म्हणूनच ‘मला बरे करा’ असे न म्हणता ‘शुद्ध करा’ असे म्हणतो, आणि येशू आधी हात पुढे करून त्याला शिवतो, मग ‘शुद्ध हो’ म्हणतो. दया दुरूनही करता येते, म्हणून ‘दया करा’ ही विनवणी आहे. ‘कळवळा करा’ असे मराठीत कोणी म्हणत नाही. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात तर वाटेत जखमी पडलेल्या माणसाला पाहून याजक (पुरोहित) आणि लेवी (मंदिराचा सेवेकरी) बाजूने निघून जातात आणि कळवळा येतो तो यहूद्यांनी ज्याला दूर ठेवले होते त्या शोमरोन्यालाच.

ब्राह्मण घरात जन्मून 1843 मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, आणि गावाने अस्पृश्य ठरवलेल्या कुटुंबांना तेथे घर मिळाले. ‘हात पुढे करून त्याला स्पर्श केला’ हे वाक्य त्या वस्तीत वाचले गेले असेल, तेव्हा दया आणि कळवळा यांतला भेद कोणाला समजावून सांगावा लागला नसेल, असे मला मनापासून वाटते.

राहता राहिले ‘येतो’ की ‘वाटतो’. ‘वाटतो’ चूक नाही. परंतु कळ येते, म्हणून कळवळाही येतो, आणि भगिनींनी म्हटले होते तेच ठेवावे.