पायाच्या बायपाससाठी नळी कोणती?

प्रश्न (तासगाव) : वडील ६८ वर्षांचे, मधुमेही आहेत. पायाचा अंगठा काळा पडला आहे. त्यांच्याच पायातली शीर काढून बायपास करणार आहेत. त्या शिरेचे काम मग कोण करणार?

उत्तर : घोट्यापासून जांघेपर्यंत कातडीखालून जाणारी ही शीर काढली, तरी बहुतेक रक्त खोल शिरांतून परत जाते, काही आठवडे सूज राहते, ती बहुधा ओसरते. फ्रेंच शल्यविशारद झां कुनलां यांनी १९४८ मध्ये पॅरिसला, तुंबलेल्या रोहिणीला (हृदयाकडून रक्त आणणाऱ्या नळीला) वळसा घालण्यासाठी हीच शीर उलटी करून जोडली, कारण सुलट जोडल्यास तिच्यातल्या झडपा रक्त अडवतात. शीर चांगली असलेल्या रुग्णांत पायावरचे मोठे संकट (पाय कापावा लागणे किंवा पुन्हा मोठा उपचार करावा लागणे) किंवा मृत्यू यांचे प्रमाण आधी बायपास केल्यास ४२.६ टक्के, तर आधी फुगा-स्टेंट केल्यास ५७.४ टक्के आढळले, असे पायाचा रक्तपुरवठा धोक्यात आलेल्या रुग्णांवरच्या २०२२ च्या ‘बेस्ट-सीएलआय’ चाचणीने दाखवले. काळ्या अंगठ्यासाठी मात्र एक दिवसही दवडू नका.

प्रश्न (मिरज) : आईच्या दोन्ही पायांतल्या शिरा हृदयाच्या बायपाससाठी वापरल्या आहेत. आता जैविक ग्राफ्ट सुचवला आहे. तो किती टिकेल?

उत्तर : आधी हातांच्या शिरांची सोनोग्राफी झाली का, हे विचारा, हा पर्याय अनेकदा पाहिलाच जात नाही, याचे मला वाईट वाटते. जैविक ग्राफ्ट म्हणजे गाईची प्रक्रिया केलेली रोहिणी, मेंढीच्या शरीरात जाळीभोवती वाढवलेली नळी, किंवा मृत दात्याची गोठवून जपलेली शीर. गुडघ्याखाली यांपैकी कोणतीही स्वतःच्या शिरेइतकी टिकत नाही. दात्याची शीर तर पुष्कळदा वर्षभरातच बंद पडते आणि काही ग्राफ्ट वर्षांनुवर्षांत फुगतात. तरीही जखमेत पू असेल, तर कृत्रिम नळीपेक्षा मी जैविकच निवडेन, कारण ती जंतुसंसर्गाला तितकी सहज बळी पडत नाही. शिवाय नळी टिकणे आणि पाय वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत : जखम भरेपर्यंत रक्त पोहोचले, तर नंतर नळी बंद पडूनही पाय राहू शकतो.

प्रश्न (विटा) : आठ महिन्यांपूर्वी स्वतःच्या शिरेचा बायपास झाला, त्रास नाही. तपासणी थांबवू का?

उत्तर : नको. शिरेचे अरुंद होणे बहुधा पहिल्या दोन वर्षांत आणि चाहूल न देता होते; डॉप्लरवर (रक्ताचा वेग दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर) ते वेळीच दिसले, तर दुरुस्ती सोपी असते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका. विडी आणि मिश्री दोन्ही सोडा. पाऊल अचानक थंड, पांढरे आणि बधिर झाले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठा.