वाचकांचे प्रश्न : फायबर घेतलं तरी मॅच का अडकते?

प्रश्न : आमच्याकडे १०० एमबीपीएसचं फायबर आहे, मोबाईलवर स्पीड टेस्ट ९५ दाखवते, तरी रात्री मॅच लावली की टीव्हीवर ते गोल फिरत बसतं. शेजारी डिशवर बघतात, विकेट पडल्याचा ओरडा त्यांच्याकडून आधी ऐकू येतो. लाइन खराब आहे का? – एक वाचक, कराड

उत्तर : लाइन खराब असण्याची शक्यता मला कमी वाटते. घरोघरी जे फायबर येतं ते बहुतेक जीपॉन प्रकारचं असतं, म्हणजे ऑपरेटरकडून निघालेली एक फायबर पुढे ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते आणि त्या सगळ्यांत मिळून डाउनलोडला साधारण २.५ जीबीपीएस, म्हणजे २५०० एमबीपीएस असतात. आता ६४ च्या ६४ घरं एकदम बघायला बसली तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३९ एमबीपीएसच्या आसपास येतात, आणि एचडी मॅचला लागतात ५ ते ८, फोरके असेल तर १५ ते २५. म्हणजे गल्लीतली फायबर पुरते, अडतं ते एकतर तुमच्या घरात नाहीतर ऑपरेटरच्या पुढे.

आधी घर बघा. मोबाईलची टेस्ट तुम्ही राउटरजवळ वायफायच्या ५ गीगाहर्ट्झ बँडवर केली असणार, टीव्ही मात्र आतल्या खोलीत भिंतीआड २.४ गीगाहर्ट्झवर असेल तर काय होतं की त्या बँडवर एकमेकांत न घुसणारे वायफायचे चॅनल (टीव्हीचे नव्हे, लहरींच्या वाटा) जेमतेम तीनच, १, ६ आणि ११, आणि बिल्डिंगमधले सगळे राउटर त्यातच दाटीवाटीनं बोलत असतात. म्हणून राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ लॅन केबल ओढा, कॅट ६ ची घ्या, पट्टी मारून भिंतीकडेनं न्या. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो पण त्यात फोरके आरामात बसतं. महागडा राउटर घेण्याआधी हे कराच, कळकळीनं सांगतोय, कारण लोक प्लॅन वाढवत जातात आणि वायफाय तसंच राहतं.

केबल लावूनही रात्री ९ ला अडकलं आणि दुपारी चांगलं चाललं, तर मग ऑपरेटरला धरा. नेहमीच्या स्पीड टेस्टचा सर्व्हर कितीतरी वेळा ऑपरेटरच्याच नेटवर्कमध्ये असतो, तिथपर्यंत ९५ येणारच हो, पण व्हिडिओ बऱ्याचदा बाहेरून येतो आणि ऑपरेटरनं पुढे बँडविड्थ किती घेतलीय यावर बरंच ठरतं. फास्ट डॉट कॉमवर टेस्ट करा, ती नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून होते, दुपारचा आणि रात्रीचा असे दोन्ही स्क्रीनशॉट काढा आणि तक्रारीला जोडा, नुसतं "नेट स्लो आहे" म्हटलं की ते राउटर बंद करून चालू करा म्हणतात आणि तक्रार बंद होते.

ओरडा आधी ऐकू येतो त्याचं कारण वेगळंय. ॲपमध्ये लाइव्ह व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवतात, ॲप आधी दोनतीन तुकडे साठवतं आणि मग दाखवायला लागतं, त्यामुळे २०-३० सेकंद मागे राहणं नेहमीचंच. स्पीड वाढवून ते जाणार नाही.

प्रश्न : केबल बंद करून ब्रॉडबँडवरच टीव्ही घ्यावा का? आईला सह्याद्री, मालिका आणि बातम्या एवढंच लागतं. – एक वाचक, नाशिक

उत्तर : नेटवरून टीव्ही दोन तऱ्हेनं येतो आणि विकणारे दोन्हीला एकच नाव देतात म्हणून गोंधळ होतो. एक म्हणजे ऑपरेटरचं स्वतःचं आयपीटीव्ही, बीएसएनएलनं फायबरवर २०२४ मध्ये आणलं, एअरटेलनं २०२५ मध्ये. यात चॅनल ऑपरेटरच्या स्वतःच्या नेटवर्कमधून येतं, आणि मल्टिकास्ट वापरलेलं असेल तर हजार घरं तेच चॅनल बघत असली तरी नेटवर्कमध्ये एकच प्रत धावते, घराजवळच्या मशीनमध्ये तिच्या कॉप्या निघतात. दुसरी तऱ्हा ॲपची, तिथं प्रत्येकासाठी वेगळा प्रवाह. पहिली एसटी, दुसरी प्रत्येकाची स्वतंत्र रिक्षा. मागणीनुसार पिक्चर बघायचा तर रिक्षाच लागते, कारण तुम्ही मध्येच थांबवणार, मागे नेणार. १९ नोव्हेंबर २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक होते, तेवढ्या रिक्षा एका ठिकाणाहून सोडणं शक्यच नाही, म्हणून शहराशहरांत, ऑपरेटरच्या दारात सर्व्हर ठेवून तिथून वाटप करतात.

पूर्वीही हे झालंय. मुंबईत एमटीएनएलनं २००६ च्या सुमारास तांब्याच्या फोनलाइनवर आयपीटीव्ही दिलं होतं. पण तांब्यावर एक्सचेंजपासून लांब गेलं की स्पीड घसरतो, दोन टीव्ही म्हणजे पंचाईत. फायबरवर ती अडचण राहिलेली नाही.

आता आईंचं. केबलमध्ये सगळी चॅनल एकदम घरात येतात आणि बॉक्स हवं ते उचलतो, नेटवरच्या टीव्हीत मागितलेलं तेवढंच येतं, त्यामुळे चॅनल बदलताना क्षणभर थांबावं लागू शकतं, आणि ज्यांना भराभर चॅनल पुढे न्यायची सवय आहे त्यांना ते फार खुपतं. बॉक्स घ्यायचाच तर नंबर दाबून चॅनल लागतं का ते आधी बघा, ॲप उघड, प्रोफाइल निवड, शोध असलं काही आईंच्या माथी मारू नका. फायबरच्या डब्याला आणि राउटरला वीज लागते, इन्व्हर्टर असेल तर टीव्हीबरोबर तेही त्यावर घ्या, नसेल तर राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. महिनाभर दोन्ही चालू ठेवा, आईंना विचारा, मगच केबल बंद करा. सह्याद्री आणि बातम्यांवर भागत असेल तर डीडी फ्री डिशला महिन्याचे पैसेच नाहीत, तेही डोक्यात असू द्या.

प्रश्न : स्वस्तातला अँड्रॉइड बॉक्स घेतला, लॅन केबल लावली, तरी चित्र धुरकट. – एक वाचक, नागपूर

उत्तर : बॉक्सला वाइडवाइन एल१ आहे का बघा. वाइडवाइन म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणारं कुलूप, एल१ त्यातला पक्का दर्जा, एल३ कच्चा. एल३ असेल तर बरीच पैसे भरायची ॲप्स एचडी देतच नाहीत, पिक्चर चोरीला जाऊ नये म्हणून, मग लाइन कितीही वेगवान असो. सेटिंगमध्ये ते बदलत नाही. दुकानदार परत घेत असेल तर आजच देऊन टाका.