नावाची विचारपूस : केझिया, जेमिमा आणि पाळण्यातली काही नवी नावं

प्रश्न : पुढच्या महिन्यात नातीचा बाप्तिस्मा आहे. मुलगा आणि सून ‘केझिया’ नाव ठेवायचं म्हणतात. आमच्या मंडळीत हे नाव कुणाचंच नाही. मोबाईलवरच्या ॲपमध्ये ‘परमेश्वराने दिलेली’ असा अर्थ दिलाय. तो बरोबर आहे का? नाव मूळचं कुठलं आणि किती लोक ठेवतात? — एक आजोबा, जालना

नाव सुंदर आहे, अस्सल बायबलमधलं आहे, पण ॲपमधला अर्थ चुकीचा आहे. ही चूक बहुधा स्पेलिंगवरून झाली असावी. यशया, यिर्मया, नहेम्या या नावांच्या शेवटचं ‘या’ म्हणजे परमेश्वराच्या नावाचं लघुरूप. इंग्रजीत ते आय, ए, एच असं लिहितात. केझियाच्या शेवटीही इंग्रजीत हीच तीन अक्षरं येतात, म्हणून पुष्कळ याद्यांमध्ये या नावालाही देव चिकटवलेला असतो. हिब्रूत मात्र हे नाव कोफ, त्सादे, योद, आयिन, हे अशा पाच अक्षरांनी लिहितात. शेवटची जोडी आयिन-हे आहे, तर देवाच्या नावातली जोडी योद-हे असते. म्हणून ‘परमेश्वराने दिलेली’, ‘परमेश्वराची कृपा’ वगैरे अर्थ या नावाला लागू होत नाहीत.

खरा अर्थ सुगंधी सालीचा आहे. मूळ हिब्रू उच्चार साधारण ‘क्त्सिआ’, आणि त्याचा अर्थ कॅसिया, म्हणजे तज किंवा जाड सालीची दालचिनी. ज्या धातूशी हा शब्द जोडतात त्याचा अर्थ खरवडणं, सोलून काढणं. यशया ४४:१३ मध्ये सुताराच्या तासण्याच्या हत्याराला आलेला शब्दही त्याच धातूचा. झाडाची साल सोलून, वाळवून हा मसाला होतो, तेव्हा नाव अगदी चपखल आहे. स्तोत्र ४५:८ मध्ये राजाच्या लग्नाच्या वस्त्रांना बोळ आणि अगरूबरोबर याच कॅसियाचा वास येतो, आणि तिथेही हाच शब्द अनेकवचनात आहे. निर्गम ३०:२४ मधल्या अभिषेकाच्या तेलात ५०० शेकेल कॅसिया सांगितली आहे, पण तिथला हिब्रू शब्द ‘किद्दा’ हा वेगळा आहे. प्रवचनात हे दोन संदर्भ एकत्र केले जातात, म्हणून हा भेद सांगून ठेवला.

येसरात किंवा काळ्या मसाल्यात आपण जी कडक, जाड, एकाच पदराची साल घालतो ती बहुतेक वेळा कॅसियाच असते. श्रीलंकेची दालचिनी कागदासारख्या पातळ अनेक पदरांची असते आणि बोटानं चुरता येते. मात्र बायबलच्या काळी नेमकं कोणतं झाड होतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आणखी एक घोटाळा टाळा. मोबाईलवर ‘कॅसिया’ शोधलं की बहाव्याची पिवळी झुंबरं दिसतात, कारण बहाव्याच्या वनस्पतिशास्त्रीय नावात कॅसिया आहे. आपल्याकडच्या माळावरच्या तरवडाच्या शास्त्रीय नावातही पूर्वी कॅसिया होतं. पण बहावा आणि तरवड शेंगांच्या झाडांमध्ये मोडतात आणि दालचिनीशी त्यांचं नातं नाही. बारशाच्या पत्रिकेवर फुलाचं चित्र छापायचं ठरलं तर हे लक्षात असू द्या.

आता ही केझिया कोण? ईयोबाची मुलगी. ईयोब ४२:१३-१५ मध्ये सगळं गमावलेल्या ईयोबाला पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली होतात. त्या सात मुलग्यांपैकी एकाचंही नाव ग्रंथात नाही. मुलींची मात्र तिन्ही नावं दिली आहेत: पहिली यमीमा, दुसरी आपली केझिया (मराठी बायबलमध्ये हे नाव ‘कसीया’ असं छापलेलं दिसतं) आणि तिसरी केरेन-हप्पूख. यमीमाचा अर्थ बहुतेक जण पारवी असा घेतात. केरेन-हप्पूख म्हणजे डोळ्यांत घालायच्या सुरम्याचं शिंग, म्हणजे आपल्याकडची काजळाची डबी. त्या देशात या मुलींइतक्या सुंदर स्त्रिया नव्हत्या, असं ग्रंथ सांगतो. पुढचं वाक्य त्याहून मोलाचं आहे: बापानं त्यांना भावांच्या बरोबरीनं वतन दिलं. गणना २७ मधला नियम असा की मुलगा नसेल तरच वारसा मुलीकडे जावा. ईयोबाला सात मुलगे असूनही त्यानं मुलींना वाटा दिला. नातीला पुढे नावाचा अर्थ सांगाल तेव्हा दालचिनीबरोबर हेही जरूर सांगा. आमच्या मते हे नाव ठेवण्याचं सगळ्यात चांगलं कारण हेच आहे.

प्रवास असा: हिब्रूतून ग्रीक भाषांतरात हे नाव ‘कासिया’ झालं. प्रोटेस्टंट चळवळीनंतर जुन्या करारातली नावं मुलांना ठेवायची रीत इंग्लंडात वाढली, तेव्हा तेही पाळण्यात आलं. मेथॉडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांची एक बहीण केझिया होती. अमेरिकेत १९७७ साली ‘रूट्स’ या दूरदर्शन मालिकेतल्या पात्रामुळे ‘किझी’ हे नाव एकाएकी गाजलं. हे केझियाचं लाडाचं रूप समजलं जातं. पूर्व आफ्रिकेतही नाव रुळलेलं आहे. बराक ओबामांच्या वडिलांच्या पहिल्या पत्नीचं नाव केझिया होतं. भारतात केरळ, तमिळनाडू, आंध्र आणि ईशान्येकडच्या ख्रिस्ती घरांत ते जास्त भेटतं.

किती लोक ठेवतात, याचा आकडा आपल्याकडे मिळत नाही, कारण भारतात दरवर्षी नावांचा सरकारी तक्ता छापला जात नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये वर्षाला किमान ३ बाळांना ठेवलेलं प्रत्येक नाव सरकारी यादीत येतं, अमेरिकेत ही मर्यादा ५ आहे. त्या याद्यांत केझिया असतं, पण वरच्या रांगेत कधी नसतं. त्यामुळे भारतातल्या क्रमांकासकट ‘लोकप्रियता’ दाखवणारं संकेतस्थळ बहुधा स्वतःच्या वाचकांचे क्लिक मोजत असतं.

केझियाच्या बहिणीच्या, यमीमाच्या नावाची गोष्ट मात्र वेगळी आहे. मुंबईची क्रिकेटपटू जेमिमा रॉड्रिग्ज हिनं ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात नाबाद १२७ केल्यापासून ‘जेमिमा’ घराघरांत पोचली. ती हीच यमीमा. हिब्रूतला ‘य’ लॅटिनमार्गे इंग्रजीत ‘ज’ झाला, योहानाचा जॉन आणि याकोबाचा जेकब झाला तसा.

राहिला उच्चार. इंग्रजीत काही जण ‘कझाया’ म्हणतात, भारतात ‘केझिया’ रुळलंय, दोन्ही चालतात. मराठीत लिहिताना अडचण अशी की ‘जहाज’मधला दंत्य ‘ज’ आपल्या तोंडी इ-ईच्या आधी येत नाही. ‘जीभ’ आणि ‘झीज’ म्हणताना जीभ टाळूकडेच जाते. म्हणून ‘केजिया’ लिहिलंत तर शाळेत ‘जिजाऊ’तला ‘जि’ ऐकू येईल. ‘केझिया’ लिहावं, ते मूळ उच्चाराच्या जास्त जवळ राहतं. इंग्रजी स्पेलिंग के-ई-झेड-आय-ए-एच असं घ्या. शेवटचा एच गाळलेलं रूपही रूढ आहे, पण दोन्हींपैकी एकच ठरवा आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत, जन्मदाखल्यात आणि आधारमध्ये तेच ठेवा. पाळकसाहेबांना तोंडी सांगण्यापेक्षा चिठ्ठीवर लिहून द्या.

प्रश्न : पंचांगात मुलीला ‘के’ अक्षर आलं. ‘के’वरून नावं फारच थोडी. ॲपमध्ये ‘केजिया’ संस्कृत म्हणून दिलंय. ठेवावं का? — बीड

‘के’ म्हणजे पुनर्वसूचं पहिलं चरण, मिथुन रास. नाव संस्कृत नाही, हिब्रू आहे. अर्थ वर दिलाच आहे. आवडलं तर खुशाल ठेवा, सुगंधी सालीच्या नावाला कुठल्या धर्माची अडचण नसावी. मात्र आत्या पाळण्यात नाव सांगेल तेव्हा कुणीतरी अर्थ विचारणारच, त्या वेळी ‘संस्कृत आहे’ असं सांगू नका. देशी नाव हवं असेल तर केतकी, केतना, केसर, केया ही ‘के’चीच आहेत. पुनर्वसूच्या पुढच्या चरणांची को, हा, ही ही अक्षरंही बरीच घरं चालवून घेतात. गुरुजींना विचारून पाहा.

प्रश्न : आमच्याकडे ‘अनाया’ ठरलंय. कुठे हिब्रू म्हणतात, कुठे अरबी, कुठे संस्कृत. खरं काय? — लातूर

तीन निरनिराळे शब्द एकाच उच्चारात गोळा झालेत. हिब्रूत अनाया आहे आणि त्याचा अर्थ ‘परमेश्वरानं उत्तर दिलं’. इथे शेवटचं ‘या’ खरोखर देवाचं आहे. पण नहेम्या ८:४ मध्ये एज्राच्या उजव्या हाताला उभा असलेला अनाया पुरुष आहे. अरबी शब्द ‘इनाया’, अर्थ काळजी, जपणूक. मराठवाड्यात उर्दू बोलणाऱ्या घरांत आता तो ऐकू येतो, आणि मुलीसाठी हाच सगळ्यात सरळ बसतो. संस्कृतात ‘अनय’ आहे, अर्थ अनीती, म्हणून त्या बाजूला जाऊ नका. ‘अनन्या’ वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही.

आजकाल मुलीचं नाव म्हणून निवडलेलं हिब्रू नाव मूळचं पुरुषाचं निघणं वारंवार घडतं. ठेवू नये असं नाही, पण कळून ठेवावं. तपासायची रीत सोपी आहे. ॲपमध्ये ‘हिब्रू’ लिहिलं असेल तर ते नाव बायबलच्या कोणत्या पुस्तकात, कोणत्या अध्यायात आहे ते शोधा. सापडलं की तिथली व्यक्ती स्त्री की पुरुष ते बघा, मग मूळ हिब्रू अक्षरं देणाऱ्या शब्दकोशात अर्थ पाहा. अध्याय सापडलाच नाही तर नाव आधुनिक इस्रायलमधलं असेल किंवा अर्थ कुणीतरी रचलेला असेल. नुसत्या उच्चाराच्या साम्यावर जाऊ नका. ‘अमित’ हिब्रूतही आहे, अर्थ सोबती, सहकारी, आणि आपला ‘अमित’ म्हणजे मोजता न येणारा. दोघांचं नातं काहीच नाही.

प्रश्न : माझ्या आजोबांचं नाव अय्यूब. ते हिब्रू आहे असं कुणी म्हणालं. — परभणी

अय्यूब आणि ईयोब ही एकाच व्यक्तीच्या नावाची अरबी आणि हिब्रू रूपं आहेत. कुराणातही त्यांच्या सबुरीचा उल्लेख आहे. हिब्रू आणि अरबी भाषा बहिणी, म्हणून इब्राहिम-अब्राहाम, याकूब-याकोब, दाऊद-दाविद, यूनुस-योना अशा जोड्या लागतात. म्हणजे वरच्या पहिल्या प्रश्नातली केझिया बायबलनुसार तुमच्या आजोबांच्या नावबंधूंची लेक. मुलींची नावं मात्र कुराणात येत नाहीत.

प्रश्न : हिब्रू नावं मराठीत मिशनऱ्यांनी आणली का? — छत्रपती संभाजीनगर

मराठवाड्यापुरतं मोठ्या प्रमाणात तसंच आहे. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १९व्या शतकात वसवलेल्या वस्तीचं नावच ‘बेथेल’, म्हणजे देवाचं घर. रूथ, एस्तेर, शमुवेल, शलमोन ही नावं या वस्त्यांतून आणि मिशनच्या शाळांतून पसरली. कोकणात मात्र त्याच्या फार आधीपासून बेने इस्राएल हा ज्यू समाज मराठी बोलत होता आणि हिब्रू नावं मराठी वळणानं घेत होता: शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, इसहाकचा इसाजी, एलियाचा एलोजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) मांडवी भागात १७९६ साली बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर ते हेच, सॅम्युएल इझेकिएल दिवेकर. मराठीत मिसळण्यासाठी नावाला आपलं मूळ सोडावं लागत नाही, याचा इतका देखणा दाखला दुसरा नसेल.

प्रश्न : मुलगी दीड वर्षाची आहे. जन्मदाखल्यावर नावच नाही, आईचं स्पेलिंगही चुकलंय. बाळंतपण माहेरी झालं. कुठे जायचं? — नांदेड

नोंद जिथे जन्म झाला तिथेच असते, तुम्ही राहता तिथे नाही. म्हणून माहेरची ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिका गाठावी लागेल. नांदेडला अर्ज दिलात तर तो परत येईल, आणि नेमकं इथेच लोकांचे हेलपाटे होतात.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ प्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. बाळाचं नाव तेव्हा ठरलेलं नसलं तरी चालतं. नोंदणीनंतर १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तुमचे १२ महिने उलटले, म्हणजे शुल्क लागेल. अर्ज, आई-वडिलांचं ओळखपत्र, जुना दाखला आणि दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड न्या. प्रतिज्ञापत्र लागतं का, ते निघण्याआधी फोन करून विचारा, कारण प्रत्येक कार्यालयाची पद्धत थोडी वेगळी असते.

आईच्या स्पेलिंगची दुरुस्ती कलम १५ खाली होते. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून नवा दाखला देतात. दोन्ही कामं एकाच फेरीत करा, आणि क्रम उलटा ठेवा: आधी आईचं स्पेलिंग, मग बाळाचं नाव, म्हणजे नवा दाखला एकदाच काढावा लागेल. एकदा घातलेलं नाव नंतर मन बदललं म्हणून दाखल्यावर सहज बदलून मिळत नाही. त्यासाठी राजपत्राचा रस्ता धरावा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला धरतात. खिडकीवर सही करण्याआधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं एकेक अक्षर करून मोठ्यानं वाचा.